वृद्धत्व व दीर्घकालीन निगा मंडळ (विस्कॉन्सिन)

वृद्धत्व व दीर्घकालीन निगा मंडळ हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्याचे एक वैधानिक मंडळ आहे. दीर्घकाळ निगा घ्यावी लागणाऱ्या वृद्ध व अपंग व्यक्तींच्या तक्रारींची चौकशी करणे, त्यांची बाजू मांडणे आणि त्यांच्यासंबंधीचे कायदे व धोरणे यांवर लक्ष ठेवणे ही या मंडळाची प्रमुख कामे होत. मंडळाची स्थापना १९८१ च्या राज्य कायद्याने झाली. मंडळात सात सदस्य असतात. राज्याचे गव्हर्नर सिनेटच्या संमतीने त्यांची पाच वर्षांसाठी नियुक्ती करतात. मंडळ राज्याच्या प्रशासन विभागाला जोडलेले असले, तरी आपल्या कार्यक्षेत्रातील निर्णय ते विभागप्रमुखापासून स्वतंत्रपणे घेते.

हे मंडळ संस्थांना परवाने देत नाही, त्यांना दंड करत नाही आणि वृद्धांना थेट निगाही पुरवत नाही. परवाने व तपासणी राज्याच्या आरोग्य सेवा विभागाकडे आहे. जेवण, वाहतूक, माहिती केंद्रे यांसारख्या सेवांचे नियोजनही त्याच विभागातील वृद्धत्व कार्यालय व प्रादेशिक संस्था करतात. या दोन्ही यंत्रणांबाहेर उभे राहून रहिवाशाच्या वतीने प्रश्न विचारणारी संस्था, असे मंडळाचे स्थान आहे. त्याच्या कारभाराचे बहुतेक नियम या स्थानावरूनच ठरले आहेत.

संज्ञा

या विषयातील काही शब्द मराठी वाचकांची दिशाभूल करू शकतात. महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हणजे डॉक्टरांचे छोटे खाजगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र हा शब्द ज्या निवासी संस्थेत वृद्ध किंवा अपंग व्यक्ती महिनोन्‌महिने, अनेकदा अखेरपर्यंत, परिचारिकांच्या देखरेखीखाली राहतात तिच्यासाठी वापरतात. या लेखात तिला शुश्रूषागृह म्हटले आहे. त्याहून कमी वैद्यकीय मदत असलेल्या निवासांना सहाय्यित निवास म्हटले आहे. विस्कॉन्सिनमध्ये त्यांचे समुदायाधारित निवासी संस्था, प्रौढ कुटुंबगृहे आणि निगायुक्त सदनिका संकुले असे प्रकार आहेत.

भारतातील राज्यपाल केंद्राकडून नेमले जातात. अमेरिकन राज्याचा गव्हर्नर थेट मतदारांनी निवडलेला आणि कार्यकारी सत्तेचा खरा प्रमुख असतो. विस्कॉन्सिनमध्ये त्याची मुदत चार वर्षांची असते. लोकपाल हा शब्दही येथे भारतातील भ्रष्टाचारविरोधी लोकपालाच्या अर्थाने घेऊ नये. बँकिंग लोकपालाप्रमाणे सामान्य माणसाची तक्रार ऐकून ती सोडवण्यास मदत करणारा अधिकारी, असा त्याचा अर्थ आहे.

पार्श्वभूमी

१९६५ साली अमेरिकेत मेडिकेअर व मेडिकेड या योजना सुरू झाल्या आणि शुश्रूषागृहांच्या व्यवसायात सार्वजनिक पैसा मोठ्या प्रमाणावर आला. संस्थांची संख्या झपाट्याने वाढली, पण देखरेखीची यंत्रणा तोकडी पडली. अस्वच्छता, हेळसांड, आगीच्या दुर्घटना आणि औषधांचा गैरवापर यांच्या बातम्या १९६० च्या दशकाच्या अखेरीस व १९७० च्या दशकाच्या आरंभी सातत्याने येऊ लागल्या. १९७१ साली राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शुश्रूषागृहांच्या सुधारणेसाठी आठ कलमी कार्यक्रम जाहीर केला. रहिवाशांच्या तक्रारी तपासणाऱ्या यंत्रणांना राज्यांमध्ये साहाय्य देणे हे त्यातील एक कलम होते.

त्यानुसार १९७२ मध्ये काही मोजक्या ठिकाणी प्रायोगिक लोकपाल प्रकल्प सुरू झाले. विस्कॉन्सिन हे त्या पहिल्या राज्यांपैकी एक होते. तेथील प्रकल्प आरोग्य खात्यात न ठेवता लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, यांच्या कार्यालयात ठेवण्यात आला. त्या वेळी या पदावर मार्टिन श्रायबर होते. पुढे १९७७ ते १९७९ या काळात ते राज्याचे कार्यवाहक गव्हर्नर झाले. पत्नीच्या अल्झायमर आजारामुळे नंतरच्या आयुष्यात ते स्वतः निगा घेणाऱ्यांचे प्रवक्ते म्हणून ओळखले गेले. तक्रार ऐकणारा आणि परवाना देणारा एकाच छताखाली नसावा हा विचार विस्कॉन्सिनच्या प्रयोगात आरंभापासून होता. १९८१ मध्ये मंडळ निर्माण करताना विधिमंडळाने तोच पुढे नेला.

दरम्यान केंद्रीय पातळीवर १९७८ मध्ये वृद्ध अमेरिकन कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक राज्याला लोकपाल कार्यक्रम चालवणे बंधनकारक झाले. १९८१ च्या दुरुस्तीने कार्यक्रमाची कक्षा शुश्रूषागृहांपलीकडे सहाय्यित निवासांपर्यंत वाढली आणि त्याचे नाव दीर्घकालीन निगा लोकपाल असे झाले. १९८७ मध्ये शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने रहिवाशांचे हक्क केंद्रीय कायद्यात नोंदवले. त्यामुळे आज विस्कॉन्सिनच्या मंडळावर दोन कायद्यांचे बंधन आहे. त्याची घडण राज्याच्या कायद्याने ठरते, तर त्याच्या लोकपाल कार्यालयाला केंद्रीय कायद्याच्या अटीही पाळाव्या लागतात.

सदस्य व पात्रता

मंडळात सात सदस्य असतात. दीर्घकालीन निगेच्या प्रश्नांविषयी सातत्याने आस्था दाखवलेली असणे ही सदस्यत्वाची सर्वसाधारण अट आहे. वय, शिक्षण किंवा व्यवसाय यांची अट नाही. सदस्य स्वतः वृद्ध असलाच पाहिजे असेही कायदा म्हणत नाही.

महत्त्वाची अट वेगळी आहे. सातपैकी किमान चार सदस्य सार्वजनिक सदस्य असले पाहिजेत, म्हणजे कोणत्याही शुश्रूषागृहात त्यांचे हितसंबंध किंवा त्याच्याशी संलग्नता असता कामा नये. त्यामुळे बहुमत व्यवसायाबाहेरच्या लोकांकडे राहील याची काळजी घेतली जाते. मात्र व्यवसायातील माणसांना पूर्ण बंदी नाही. जास्तीत जास्त तीन जागांवर अशी माणसे येऊ शकतात. संस्था प्रत्यक्षात कशी चालते, रात्रपाळीला किती माणसे लागतात, पगार कसे भागतात, हे त्यांना ठाऊक असते. कारभाराच्या दृष्टीने ही तडजोड उपयोगी मानता येते.

या तरतुदीत एक उणीवही आहे. तिची शब्दरचना शुश्रूषागृहांपुरती आहे. ती लिहिली गेली तेव्हा दीर्घकालीन निगा म्हणजे मुख्यतः शुश्रूषागृह असेच समीकरण होते. आज विस्कॉन्सिनमध्ये सहाय्यित निवासांची संख्या शुश्रूषागृहांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि अनेकांची निगा व्यवस्थापित निगा कंपन्यांमार्फत त्यांच्या घरीच होते. सदस्यत्वाच्या या कलमात त्या व्यवसायांचा उल्लेख नाही. केंद्रीय कायद्यात हितसंबंधांवरील बंधने अधिक व्यापक आहेत आणि ती लोकपालाच्या निवडीत भाग घेणाऱ्या व्यक्तींनाही लागू होतात. त्यामुळे ही उणीव काही प्रमाणात भरून निघते.

नियुक्ती व मुदत

सदस्याचे नाव गव्हर्नर सुचवतात. नाव सिनेटच्या समितीकडे जाते आणि नंतर पूर्ण सिनेट त्यावर मत देते. मुदत पाच वर्षांची असून ती १ मे रोजी संपते. सर्व मुदती एकाच वेळी संपू नयेत म्हणून त्या टप्प्याटप्प्याने ठेवलेल्या आहेत. सात जागा पाच वर्षांत सारख्या विभागल्या, तर दरवर्षी एक किंवा दोन जागांची मुदत संपते. गव्हर्नरची मुदत चार वर्षांची आणि सदस्याची पाच वर्षांची असल्याने एका कारकिर्दीत मंडळातील बहुसंख्य जागा भरण्याची संधी गव्हर्नरला मिळते, पण निवडणुकीनंतर लगेच संपूर्ण मंडळ बदलता येत नाही.

सिनेटच्या संमतीने नेमलेल्या सदस्याला गव्हर्नर मुदतीपूर्वी दूर करू शकतात, पण त्यासाठी कारण असावे लागते. केवळ मर्जी पुरेशी नाही. संस्थाचालकांना न आवडणारी भूमिका घेतलेल्या सदस्याला या तरतुदीने संरक्षण मिळते.

मुदत संपलेल्या सदस्याचा प्रश्न

मुदत संपली की जागा रिकामी होते, असा सर्वसाधारण समज असतो. विस्कॉन्सिनच्या कायद्यात तसे नाही, हे २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. खटला या मंडळाचा नव्हता. तो नैसर्गिक संसाधन मंडळाचा होता. परंतु निकालातील तत्त्व गव्हर्नरने सुचवलेल्या आणि सिनेटने संमत केलेल्या सर्वच निश्चित मुदतीच्या पदांना लागू पडते.

नैसर्गिक संसाधन मंडळाचे सदस्य फ्रेडरिक प्रेन यांची मुदत १ मे २०२१ रोजी संपली. डेमोक्रॅट गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी त्यांच्या जागी दुसरे नाव सुचवले, पण रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने त्यावर मतदान घेतले नाही. प्रेन यांनी पद सोडण्यास नकार दिला. राज्याच्या महान्यायवाद्यांनी त्यांच्याविरुद्ध दावा लावला. २९ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी प्रेन यांच्या बाजूने निकाल दिला. राज्याच्या कायद्यात जागा रिकामी होण्याची कारणे दिली आहेत. त्यांत मृत्यू, राजीनामा व पदच्युती आहेत, पण मुदत संपणे नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. म्हणून उत्तराधिकाऱ्याला सिनेटची संमती मिळेपर्यंत जुना सदस्य कायदेशीरपणे पदावर राहू शकतो. प्रेन यांनी अखेर २०२२ च्या शेवटी राजीनामा दिला.

या निकालाचा परिणाम समजण्यासाठी दुसरी एक तरतूद पाहावी लागते. जागा खरोखर रिकामी असेल, तर गव्हर्नर तात्पुरती नियुक्ती करू शकतात आणि सिनेट निर्णय घेईपर्यंत तो सदस्य पूर्ण अधिकाराने काम करतो. जुना सदस्य राजीनामा देऊन गेला, तर नवा लगेच बसू शकतो. जुना सदस्य चिकटून राहिला, तर नव्याला सिनेटच्या मतदानाची वाट पाहावी लागते आणि सिनेटवर ते मतदान घेण्याची कालमर्यादा नाही. तसेच तात्पुरत्या नियुक्तीवर काम करणाऱ्यालाही सिनेट केव्हाही नाकारू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिनेटने नैसर्गिक संसाधन मंडळावरील एव्हर्स यांच्या चार नियुक्त्या एकदम फेटाळल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाच्या प्रशासकाच्या प्रकरणातही न्यायालयाने एकमताने हीच दिशा कायम ठेवली. मुदत संपल्याने पद रिकामे होत नाही, म्हणून आयोगावर नवी नियुक्ती करण्याचे बंधनही येत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. या वेळी लाभ झालेला पक्ष वेगळा होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वृद्धत्व मंडळासारख्या, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर क्वचितच येणाऱ्या संस्थेत हा प्रश्न कमी तीव्र असतो, पण नियम तोच आहे. पाच वर्षांची मुदत ही कायद्याच्या पुस्तकातील मुदत असून प्रत्यक्ष कार्यकाळ सिनेटच्या हालचालीवर अवलंबून राहतो.

बैठका व निर्णय

राज्यातील सर्व मंडळांना लागू असलेले सामान्य नियम येथेही चालतात. दरवर्षीच्या पहिल्या बैठकीत सदस्य आपल्यातून अध्यक्ष, उपाध्यक्ष व सचिव निवडतात. त्यांची पुन्हा निवड होऊ शकते. अध्यक्ष गव्हर्नर नेमत नाहीत, ही बाब लहान वाटली तरी कार्यसूची कोण ठरवतो या दृष्टीने ती महत्त्वाची आहे.

एकूण सदस्यसंख्येचे बहुमत म्हणजे गणपूर्ती. सात सदस्यांच्या मंडळात ती चार होते. मंडळाने स्वतः अधिक कडक नियम केला नसेल, तर उपस्थित गणपूर्तीचे बहुमत निर्णय घेऊ शकते. म्हणजे चारच सदस्य हजर असताना तिघांच्या मताने ठराव संमत होतो. जागा दीर्घकाळ रिकाम्या राहिल्यास गणपूर्ती गाठणेच अवघड होते, कारण ती एकूण संख्येवर मोजली जाते.

बैठका राज्याच्या खुल्या बैठक कायद्याखाली येतात. सामान्यतः किमान २४ तास आधी जाहीर सूचना द्यावी लागते. सबळ कारण असल्यास ही मुदत कमी करता येते, पण दोन तासांच्या खाली नेता येत नाही. व्यक्तीच्या खाजगी बाबी किंवा कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन अशा ठरावीक कारणांसाठीच बंद दाराआड चर्चा करता येते. सदस्यत्व हे पगारी काम नाही. सदस्यांना प्रवासासारखा प्रत्यक्ष खर्च परत मिळतो.

प्रशासन विभागाशी संलग्नता

विस्कॉन्सिनच्या शासनरचनेत छोट्या संस्थांना मोठ्या विभागाला ‘जोडण्याची’ पद्धत आहे. जोडलेली संस्था त्या विभागाचे वेगळे घटक असते. कायद्याने दिलेले अधिकार, नियम करणे व आपल्या क्षेत्रातील नियोजन ती विभागप्रमुखापासून स्वतंत्रपणे करते. मात्र अंदाजपत्रक, कार्यक्रमांचा समन्वय व तत्सम व्यवस्थापन विभागप्रमुखाच्या देखरेखीखाली होते.

हे मंडळ प्रशासन विभागाला जोडलेले आहे. राज्याच्या इमारती, खरेदी, अंदाजपत्रक अशी अंतर्गत कामे पाहणारा हा विभाग कोणतेही शुश्रूषागृह चालवत नाही व कोणालाही परवाना देत नाही. मंडळ आरोग्य सेवा विभागाला जोडले असते, तर ज्या विभागाच्या तपासनीसांच्या कामाबद्दल तक्रार यायची, त्याच विभागाकडे मंडळाचे अंदाजपत्रक गेले असते. लोकपाल कार्यालय परवाना देणाऱ्या यंत्रणेत असू नये, असे केंद्रीय कायदाही सांगतो. २०१५ मध्ये जाहीर होऊन १ जुलै २०१६ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमावलीने हितसंबंधांच्या संघर्षाची व्याख्या आणखी तपशीलवार केली. त्यानुसार राज्यांना असे संघर्ष ओळखून ते दूर करावे लागतात किंवा त्यांवर उपाय योजावा लागतो.

तरीही स्वातंत्र्य पूर्ण नाही. पैशाचा मार्ग प्रशासन विभाग, गव्हर्नर आणि विधिमंडळाची संयुक्त वित्त समिती यांतून जातो. सोळा सदस्यांच्या या समितीत सिनेट व विधानसभेचे आठ-आठ सदस्य असतात. राज्याचे अंदाजपत्रक दोन वर्षांचे असते आणि मंडळाला किती पदे मिळतील हेही त्यातच ठरते. मंडळाचा निधी राज्याचा सर्वसाधारण महसूल आणि केंद्राकडून विविध कार्यक्रमांखाली येणारी रक्कम यांतून उभा राहतो. नव्या लोकपालाचे पद हवे असल्यास मंडळाला ते स्वतःच्या ठरावाने निर्माण करता येत नाही.

कार्यकारी संचालक व कर्मचारी

मंडळ कार्यकारी संचालकाची नेमणूक करते. दैनंदिन कारभार, कर्मचाऱ्यांची निवड व विधिमंडळासमोर भूमिका मांडणे हे संचालकाचे काम असते. मंडळाचे सदस्य स्वतः तक्रारी तपासत नाहीत. ते धोरण ठरवतात, संचालकाचे काम पाहतात आणि दीर्घकालीन निगेच्या स्थितीविषयी दर दोन वर्षांनी गव्हर्नर व विधिमंडळाला अहवाल देतात.

राज्यात ७२ काउंटी आहेत आणि लोकपालांना त्यांचे विभाग वाटून दिलेले असतात. पगारी लोकपालांना स्वयंसेवकांची साथ असते. प्रशिक्षण घेतलेले हे स्वयंसेवक ठरवून दिलेल्या शुश्रूषागृहाला नियमितपणे, पूर्वसूचना न देता भेट देतात, रहिवाशांशी बोलतात आणि लक्षात आलेल्या गोष्टी लोकपालाला कळवतात. बेलचे बटण हाताला न लागणे, जेवण थंड येणे, कपडे हरवणे अशा तक्रारी कागदावर क्षुल्लक दिसतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दिवसाचा मोठा भाग मात्र त्यांनीच व्यापलेला असतो, आणि वार्षिक तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला त्या सहसा दिसत नाहीत.

अधिकार व कामे

कायद्याने मंडळाला दिलेली कामे अनेक असली, तरी तक्रारनिवारण हा त्यांचा गाभा आहे. वृद्ध किंवा अपंग व्यक्तीला दीर्घकालीन निगेत मिळणारी अयोग्य वागणूक, तेथील वाईट परिस्थिती किंवा कायद्याचे उल्लंघन याबद्दल कोणीही तक्रार करू शकते. तक्रारदार रहिवासीच असावा लागत नाही. मुलगी, शेजारी किंवा संस्थेतील कर्मचारीही तक्रार करू शकतो. मंडळ मध्यस्थ किंवा पाठीराखा म्हणून वाद सोडवते, जाहीर सुनावण्या घेऊ शकते आणि रहिवाशांनी आपल्या समित्या स्थापन कराव्यात यासाठी प्रोत्साहन देते.

लोकपालाचा सर्वांत मोठा अधिकार प्रवेशाचा आहे. त्याचा नियुक्त प्रतिनिधी कोणत्याही दीर्घकालीन निगा संस्थेत कधीही, पूर्वसूचनेविना जाऊ शकतो, रहिवाशाशी एकांतात बोलू शकतो आणि संमतीने त्याची कागदपत्रे पाहू शकतो. रहिवाशाच्या संमतीशिवाय त्याची ओळख उघड करता येत नाही. लोकपालाशी बोलल्याबद्दल कोणावरही सूड उगवणे कायद्याने दंडनीय आहे. पण संस्थेने आपली चूक सुधारली नाही तर तिच्यावर थेट कारवाई करण्याचा अधिकार मात्र लोकपालाला नाही. तो प्रकरण आरोग्य सेवा विभागाकडे नेऊ शकतो, रहिवाशाला अपिलात मदत करू शकतो किंवा ते विधिमंडळासमोर मांडू शकतो.

लोकपाल रहिवाशाच्या इच्छेनुसार काम करतो, त्याच्या हिताविषयीच्या इतरांच्या कल्पनेनुसार नव्हे. हा भेद व्यवहारात वारंवार अडचणीचा ठरतो. आईने सुरक्षित संस्थेतच राहावे असे मुलांना वाटते, तर तिला घरी परतायचे असते. अशा वेळी लोकपाल आईचे म्हणणे मांडतो. कुटुंबाला ते अनेकदा रुचत नाही.

संस्थेतून सक्तीने बाहेर काढले जाणे हा तक्रारींचा एक गंभीर प्रकार आहे. केंद्रीय नियमांनुसार शुश्रूषागृहाने सामान्यतः ३० दिवस आधी लेखी सूचना दिली पाहिजे आणि तिची प्रत राज्य लोकपालाला पाठवली पाहिजे. रहिवाशाला अपील करण्याचा हक्क असतो. संपूर्ण संस्थाच बंद होते तेव्हा रहिवाशांच्या स्थलांतरावरही लोकपालांचे लक्ष असते. ग्रामीण भागात पुढची मोकळी जागा बरीच दूर असू शकते, आणि पत्नी रोज भेटायला येऊ शकेल की नाही हे त्या अंतरावर ठरते.

१९९९ च्या कायद्याने विस्कॉन्सिनमध्ये ‘फॅमिली केअर’ ही व्यवस्थापित निगा योजना सुरू झाली व टप्प्याटप्प्याने राज्यभर पोहोचली. या योजनेतील ६० वर्षे व त्यावरील लाभार्थ्यांची बाजू मंडळाचे लोकपाल मांडतात. त्याहून लहान वयाच्या अपंग लाभार्थ्यांसाठी ‘डिसॅबिलिटी राइट्स विस्कॉन्सिन’ या स्वतंत्र संस्थेकडे हे काम आहे. यामुळे लोकपालाचे काम संस्थेच्या भिंतीबाहेर, लोकांच्या घरांपर्यंत गेले.

मेडिकेअरला पूरक असलेल्या विम्याविषयी मोफत माहिती देणारी ‘मेडिगॅप’ दूरध्वनी सेवाही मंडळ चालवते. पासष्टीला पोहोचणाऱ्या व्यक्तीला खाजगी कंपन्यांच्या अनेक विमा योजनांतून निवड करावी लागते. विक्रीचे कमिशन न मिळणाऱ्या माणसाचा सल्ला तेव्हा मोलाचा ठरतो. तक्रारनिवारणाच्या मानाने हे काम वेगळ्या स्वरूपाचे असले, तरी मंडळाचे नाव बहुतेक नागरिकांना याच सेवेमुळे कळते.

कोविड काळ

मार्च २०२० मध्ये केंद्रीय यंत्रणेने शुश्रूषागृहांतील भेटींवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. ती लोकपालांनाही लागू झाली, आणि कधीही प्रवेश हा कार्यक्रमाचा पायाच काही महिने हलला. त्याच महिन्यात संमत झालेल्या केंद्रीय साहाय्य कायद्याने लोकपालाला रहिवाशांशी प्रत्यक्ष किंवा तंत्रज्ञानाद्वारे संपर्क चालू ठेवता आला पाहिजे असे म्हटले. पण ऐकू कमी येणाऱ्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशाला पडद्यावरील भेटीचा उपयोग मर्यादितच होता. शिवाय फोन धरून देणारा कर्मचारी शेजारी उभा असेल, तर त्या कर्मचाऱ्याविषयीची तक्रार कोण करणार, हा प्रश्न राहिलाच. सप्टेंबर २०२० मध्ये भेटींवरील निर्बंध सैल करण्यात आले.

इतर राज्यांतील रचना

अमेरिकेत या क्षेत्रातील राज्य मंडळांचा एकच नमुना नाही. शेजारच्या मिनेसोटा राज्यातील वृद्धत्व मंडळात २५ सदस्य असून ते गव्हर्नर नेमतात. प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान एक सदस्य असावा लागतो, आणि अध्यक्षही गव्हर्नरच ठरवतात. वृद्ध अमेरिकन कायद्याखालील केंद्रीय निधीची धोरणे ठरवणे व प्रादेशिक संस्थांमार्फत सेवा राबवणे हे त्या मंडळाचेच काम आहे. दीर्घकालीन निगा लोकपालाचे कार्यालयही त्याच मंडळात आहे. म्हणजे विस्कॉन्सिनने सेवांचे नियोजन आणि तक्रारनिवारण या ज्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, त्या मिनेसोटात एका मंडळाखाली येतात.

कॅलिफोर्नियातील वृद्धत्व आयोगही २५ सदस्यांचा आहे. त्यातील बहुसंख्य सदस्य गव्हर्नर नेमतात, तर उरलेल्या जागा विधानसभेचे सभापती आणि सिनेटची नियम समिती भरतात. हा आयोग मुख्यतः सल्लागार आहे. सेवा चालवण्याचे काम राज्याच्या वृद्धत्व विभागाकडे असते. अशा मोठ्या मंडळांत प्रदेश, वंश व व्यवसाय यांचे प्रतिनिधित्व अधिक मिळते, पण निर्णय घेण्यास व गणपूर्ती जमवण्यास वेळ लागतो. विस्कॉन्सिनचे सात जणांचे मंडळ यापेक्षा आटोपशीर आहे. मात्र त्यात एक जागा रिकामी राहिली, तरी जवळजवळ सातवा हिस्सा आवाज कमी होतो.